शिरोरेषा सांभाळून अक्षरसजावट: गिंपमध्ये मराठी शीर्षक आणि कमळाचे चित्र

'येळ्ळूर' हे बेळगावजवळच्या गावाचे नाव संगणकावर मोठ्या आकारात लिहून पाहिला, तर देवनागरी अक्षरे सजवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी दिसतात. 'ये'वरची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते, 'ळ्ळ' हे जोडाक्षर दाट असते, त्याच्या पायाशी दीर्घ उकार लोंबतो आणि चारही बाजूंनी वाढणारी कडा किंवा सावली यांपैकी कशाला तरी जाऊन भिडते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आपण गणेशोत्सवाचे फलक, ग्रामीण साहित्य संमेलनांच्या पत्रिका, वाचनालयांच्या सूचना आणि हळदीकुंकवाची निमंत्रणे वर्षभर करत असतो. त्यांतील अनेक फलकांवर सजावट उत्तम असते, पण शब्द मात्र दोनदा वाचावा लागतो. या लेखातील सर्व कृती एकाच आग्रहावर आधारलेल्या आहेत: आधी शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरे शाबूत राहिली पाहिजेत, आणि परिणाम त्यांच्या मर्यादेत बसवला पाहिजे.

येथे गिंप हे चित्रे घडवण्याचे आणि सुधारण्याचे सॉफ्टवेअर वापरले आहे. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. ते विनामूल्य आहे, विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते आणि युनिकोड देवनागरी लिपीतील जोडाक्षरे कोणतीही वेगळी जुळवाजुळव न करता बरोबर बांधते. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. जुन्या संगणकांवर २.१० आवृत्ती असेल तरी येथील कृती करता येतात. दोन्हींत जेथे महत्त्वाचा फरक पडतो, तेथे तो सांगितला आहे. मेनूंची नावे इंग्रजी मेनूत जशी दिसतात तशीच, देवनागरीत लिहिली आहेत.

फॉन्टची निवड आणि चाचणीची ओळ

छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट अजून बऱ्याच प्रमाणात वापरात आहेत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे मोबाईलवर किंवा इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टमध्ये ठेवला, की अक्षरे जशीच्या तशी राहतात किंवा त्यांच्या जागी चौकोन दिसतात. आपण सुरुवातीपासून युनिकोड फॉन्टच वापरावेत. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली गूगल फॉन्ट्सवर मिळतात. ठळक शीर्षकासाठी बालू किंवा मुक्ताचे जाड वजन घ्यावे. तिरो हा फॉन्ट पुस्तकी वळणाचा आणि सुंदर आहे, पण त्याच्या बारीक रेषा जाड कडेखाली दबून जातात, म्हणून तो बिनसजावटीच्या मजकुरासाठी राखून ठेवावा. फॉन्ट बसवल्यानंतर गिंप बंद करून पुन्हा सुरू केले, की तो यादीत दिसू लागतो.

टेक्स्ट टूल 'टी' या कळीने निवडता येते. त्याच्या पर्यायांत सर्वांत खाली 'लँग्वेज' अशी एक जागा असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथे मराठी निवडावे. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. ज्या फॉन्टमध्ये ही दोन्ही वळणे घडवलेली आहेत, तेथे भाषा मराठी ठेवताच आपल्या वळणाची अक्षरे उमटतात. 'लोंढा' किंवा 'शहापूर' लिहून हा फरक लगेच तपासता येतो. लहानपणापासून ज्या वळणाने आपण पाटीवर अक्षरे गिरवली, तेच वळण गावच्या फलकावर दिसावे, असे मला मनापासून वाटते.

कोणताही फॉन्ट कायम करण्याआधी एक चाचणीची ओळ लिहावी. मी 'येळ्ळूरच्या दुसऱ्या वर्षाचा कार्यक्रम' ही ओळ वापरतो. तिच्यात जोडाक्षराखालचा उकार, अर्धचंद्राकृती रकार, रफार आणि 'क्र' हे सर्व येते. 'दुसऱ्या'मधील रकार टाइप करताना इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि 'जे' यांनी मिळणारा 'ऱ' घ्यावा, मग हलंत आणि मग 'य' द्यावा. साधा 'र' घेतल्यास रफार येतो, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होऊन डोंगरातल्या दरीचा समुद्र होतो. ही चूक छापून आल्यावर दुरुस्त करता येत नाही.

कागदाचा आकार आधी ठरवावा

फाइल मेनूतील 'न्यू' निवडून नवे चित्र उघडताना शेवटी ते कोठे जाणार आहे, याचा विचार करावा. ए-४ कागदासाठी दर इंचाला ३०० बिंदू धरल्यास २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात आणि ए-५ पत्रिकेसाठी १७४८ गुणिले २४८० पुरतात. सहा फूट गुणिले चार फूट फ्लेक्ससाठी दर इंचाला ७२ बिंदू धरले, तर ५१८४ गुणिले ३४५६ पिक्सेल होतात. फ्लेक्स दुरून पाहिला जात असल्याने एवढे चालते. व्हॉट्सअॅपवरच्या चौरस निमंत्रणाला १०८० गुणिले १०८० पुरे होतात. लहान चित्र नंतर ताणून मोठे केल्यास अक्षरांच्या कडा भरड होतात, म्हणून मोठ्या आकारापासून सुरुवात करून लहान प्रत काढावी.

शीर्षकाला कडा देणे

समजा, ए-४ पानाच्या वरच्या भागात 'वाचन संध्या' असे शीर्षक हवे आहे. टेक्स्ट टूलने पानावर क्लिक करून शब्द लिहावेत, आकार ३५० पिक्सेल ठेवावा आणि रंग गडद लाल निवडावा. अक्षरांतील अंतर वाढवण्याचा पर्याय याच ठिकाणी दिसतो. रोमन अक्षरांत तो शोभतो, परंतु देवनागरीत अंतर वाढवताच शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे सुटे तुकडे होतात. तो शून्यावरच राहू द्यावा. शब्द रुंद हवा असेल तर फॉन्ट बदलावा किंवा आकार वाढवावा.

कडा देण्याचे दोन मार्ग आहेत. ३.० आवृत्तीत टेक्स्ट टूलच्या पर्यायांतच अक्षराला बाह्यरेषा देण्याची सोय आहे आणि ती दिल्यानंतरही मजकूर बदलता येतो. मात्र बाह्यरेषा प्रत्येक अक्षराच्या आकृतीभोवती काढली जाते. काही फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, आणि तेथे जोडावर एक बारीक उभी रेघ दिसू लागते. दुरून ती शिरोरेषेला तडा गेल्यासारखी वाटते. म्हणून दोनशे टक्के मोठे करून प्रत्येक जोड पाहावा. रेघ दिसली तर पुढील दुसरा मार्ग घ्यावा. तो सर्व आवृत्त्यांत चालतो आणि मला तोच अधिक भरवशाचा वाटतो.

लेयरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांच्या, यादीत मजकुराचा थर निवडून लेयर मेनूतील 'ट्रान्सपरन्सी'खालचा 'अल्फा टू सिलेक्शन' हा पर्याय घ्यावा. संपूर्ण शब्दाची एकसंध निवड तयार होते. अक्षरांमधील जोड आता निवडीत उरत नाहीत. त्यानंतर सिलेक्ट मेनूतील 'ग्रो' निवडून १२ पिक्सेल द्यावेत आणि लगेच 'फेदर'मध्ये २ पिक्सेल द्यावेत, म्हणजे कडेवरची दातेरी खूण जाते. मग शिफ्ट, कंट्रोल आणि 'एन' या कळांनी नवा पारदर्शक थर घ्यावा, तो यादीत ओढून मजकुराच्या खाली आणावा, समोरचा रंग पांढरा किंवा हळदी पिवळा करावा आणि कंट्रोल व स्वल्पविराम दाबून निवड भरावी. शेवटी शिफ्ट, कंट्रोल आणि 'ए' यांनी निवड काढून टाकावी. निवड तशीच राहिली, तर पुढचे प्रत्येक काम फक्त तिच्या आत होते आणि नवशिक्याला सॉफ्टवेअर बिघडल्याचा भास होतो.

कडेची जाडी अक्षराच्या उंचीच्या तिसाव्या भागाच्या आसपास ठेवल्यास मराठी शब्द सहसा वाचनीय राहतो. त्याहून जाड कडेने 'ध', 'भ', 'ष' यांच्या आतील मोकळ्या जागा भरत जातात, आणि घाईने वाचणाऱ्याला 'ध' कोणता आणि 'घ' कोणता हे कळत नाही. दोन ओळींचे शीर्षक असेल तर वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांट्या यांच्यामध्ये कडेची जागा धरून ओळींतील अंतर वाढवावे. अक्षरांतील अंतर वाढवू नये हे जितके खरे, तितकेच ओळींतील अंतर सढळ हाताने द्यावे हेही खरे आहे.

शिरोरेषेवर उजेड पाडणारी सोनेरी छटा

सोनेरी अक्षरे करताना बहुतेक जण वरून खाली जाणारी साधी छटा देतात. तीत सर्वांत उजळ भाग मात्रांवर पडतो आणि शिरोरेषा मधल्या रंगात हरवते. देवनागरीचा डोळा मात्र शिरोरेषेवरून चालतो, म्हणून उजेड तेथेच पाडावा.

मजकुराच्या थरावरून पुन्हा 'अल्फा टू सिलेक्शन' घ्यावे आणि त्याच्या वर एक नवा पारदर्शक थर तयार करावा. मूळ मजकूर खाली सुरक्षित राहतो. समोरचा रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या २५५, २३०, १५० या मूल्यांचा ठेवावा आणि मागचा रंग १४०, ८५, १५ असा ठेवावा. 'जी' कळीने ग्रेडियंट टूल घ्यावे आणि आकाराच्या यादीतून 'बाय-लिनिअर' निवडावे. आता शिरोरेषेच्या बरोबर मध्यावर माउस दाबून कंट्रोल कळ धरत सरळ खाली अक्षरांच्या पायापर्यंत ओढावे. उजळ रंग शिरोरेषेवर बसतो, खाली दांड्यांकडे आणि वर मात्रांकडे तो सारखाच गडद होत जातो. सुरुवातीचा बिंदू थोडा वर किंवा खाली सरकवून पाहावा. एवढ्याशा बदलाने शब्द उठून दिसतो किंवा बसतो, आणि योग्य जागा सापडेपर्यंत पाच-सहा वेळा करून पाहण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

सावलीसाठी फिल्टर्स मेनूतील 'लाइट अँड शॅडो'खाली 'ड्रॉप शॅडो' आहे. ती कडेच्या थराला द्यावी, अक्षरांच्या थराला देऊ नये, कारण तसे केल्यास सावली कडेवरच पडून मळकट दिसते. उजवीकडे ८, खाली ८, ब्लर १० आणि अपारदर्शकता साधारण अर्धी ठेवावी. ३.० आवृत्तीत हा परिणाम थराला जोडलेला राहतो आणि नंतर बदलता किंवा काढता येतो. २.१० मध्ये तो थरात कायमचा मिसळतो, त्यामुळे आधी शिफ्ट, कंट्रोल आणि 'डी' यांनी थराची प्रत करून मगच तो द्यावा. त्याच मेनूत 'लाँग शॅडो' नावाची लांब सावली आहे. ती एकट्या अक्षराला किंवा आकड्याला चांगली दिसते, पण पूर्ण मराठी शब्दाखाली उकारांना गिळते.

कमळाचे चित्र

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जुने जैन मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याच्या छतात कोरलेले दगडी कमळ आठवत असेल. त्या कोरीव कामाची नक्कल करण्याचा येथे हेतू नाही. तथापि, एकच पाकळी घडवून ती केंद्राभोवती फिरवत नेण्याची रीत आपल्याला चित्रकलेचा हात नसतानाही नीटनेटके कमळ देते, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यासाठी ते पुरेसे असते.

१६०० गुणिले १६०० पिक्सेलचे नवे चित्र उघडावे आणि त्यात एक पारदर्शक थर घ्यावा. 'ई' कळीने लंबवर्तुळाचे निवड-साधन घ्यावे आणि चित्रावर कोठेही एक वर्तुळ ओढावे. मग साधनाच्या पर्यायांत आकड्यांनी त्याची जागा ३००, २७७ आणि आकार ६०० गुणिले ६०० असा भरावा आणि एंटर दाबून ते कायम करावे. आता निवडीची पद्धत 'इंटरसेक्ट' करावी, दुसरे वर्तुळ पहिल्यावर येईल असे ओढावे आणि त्याची जागा ७००, २७७ व आकार पुन्हा ६०० गुणिले ६०० भरावा. दोन्ही वर्तुळांचा फक्त सामाईक भाग उरतो आणि तो पाकळीच्या आकाराचा असतो. तिची रुंदी २०० पिक्सेल आणि उंची सुमारे ४४७ पिक्सेल येते, आणि खालचे टोक चित्राच्या केंद्रावर, म्हणजे ८००, ८०० या बिंदूवर टेकते. आकडे असे निवडण्याचे कारण हेच आहे. टोक केंद्रावर नसेल तर पाकळ्या फिरवल्यानंतर मधोमध विचित्र भोक राहते.

पाकळी २२५, ९०, १३० या गुलाबी रंगाने भरावी. एडिट मेनूतील 'स्ट्रोक सिलेक्शन' वापरून तिला ५ पिक्सेलची गडद किनार द्यावी आणि निवड काढून टाकावी. आता थराची प्रत करावी, शिफ्ट आणि 'आर' यांनी 'रोटेट' घ्यावे आणि ४५ अंश भरावेत. थर चित्राएवढाच असल्याने फिरण्याचे केंद्र आपोआप ८००, ८०० राहते. पुन्हा मूळ उभ्या पाकळीचा थर निवडून त्याची प्रत करावी आणि या वेळी ९० अंश द्यावेत. अशा रीतीने १३५, १८०, २२५, २७० आणि ३१५ अंशांपर्यंत जावे. प्रत्येक वेळी प्रत मूळ पाकळीचीच घ्यावी. फिरवलेल्या पाकळीलाच पुन्हा फिरवत गेल्यास तिची किनार दर खेपेला थोडी धूसर होते.

आठ पाकळ्या झाल्या की एक दोष दिसेल. प्रत्येक पाकळी एका शेजारणीच्या वर आणि दुसरीच्या खाली असते, परंतु सर्वांत वरच्या थरातील पाकळी दोन्हींच्या वर आलेली असते आणि तळची पाकळी दोन्हींच्या खाली दबलेली असते. त्यामुळे फुलाची लय तेथे मोडते. तळच्या पाकळीच्या थरावरून 'अल्फा टू सिलेक्शन' घ्यावे, मग सर्वांत वरचा थर निवडावा आणि डिलीट दाबावे. वरच्या पाकळीचा तेवढा भाग जाऊन तळची पाकळी तेथे वर आल्यासारखी दिसते आणि सगळ्या पाकळ्या एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

निवड काढावी, पाकळ्यांचे सर्व थर एकत्र करावेत, त्याची एक प्रत खाली ठेवून ती साडेबावीस अंश फिरवावी आणि कलर्स मेनूतून थोडी गडद करावी. वरच्या पाकळ्यांच्या फटींतून मागची टोके डोकावू लागतात. केंद्रावर सर्वांत वर १८० पिक्सेल व्यासाचे पिवळे वर्तुळ भरावे. त्याची जागा ७१०, ७१० येते. ते वर्तुळ पाकळ्यांच्या टोकांची गर्दी झाकते आणि कमळगाभाही तयार होतो.

याहून साधे चित्र हवे असेल, तर राजहंसगडासारख्या किल्ल्याची काळी आकृती तटाच्या आडव्या पट्टीवर आयताकृती निवडीने कंगोरे भरत काढता येते. सरळ रेषेसाठी ब्रशने एकदा क्लिक करून शिफ्ट धरत दुसरीकडे क्लिक करावे. कंट्रोलही धरल्यास रेषा १५ अंशांच्या पटीत वळते. माउसने डोंगराची वळणदार रेघ काढताना हात थरथरत असेल, तर ब्रशच्या पर्यायांतील 'स्मूथ स्ट्रोक' चालू करावे.

शेजारी कन्नड ओळ असेल तेव्हा

आपल्याकडे एकाच फलकावर दोन लिप्या येणे नेहमीचे आहे. व्यापारी आस्थापनांच्या नामफलकांवर ६० टक्के भाग कन्नडसाठी आणि तो वरच्या अर्ध्यात असावा, अशी तरतूद कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने झाली आहे. दुकानाच्या पाटीचा नमुना करत असाल, तर ही मांडणी पहिल्याच टप्प्यावर आखून घ्यावी.

कन्नड अक्षरे गोल आणि रुंद असतात आणि त्यांना सलग शिरोरेषा नसते. त्यामुळे दोन्ही ओळींना फॉन्टचा आकडा सारखा दिला तरी डोळ्याला त्या सारख्या दिसत नाहीत. आकड्यावर विसंबू नये. देवनागरी अक्षराची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची आणि कन्नड अक्षराच्या मुख्य अंगाची उंची मार्गदर्शक रेषा टाकून जुळवावी. कन्नडमध्ये अक्षराखाली लागणारी ओत्तक्षरे बरीच खाली उतरतात, म्हणून तिच्या खालीही मोकळी जागा सोडावी. बालू या फॉन्टचे बालू तम्मा नावाचे कन्नड रूप उपलब्ध आहे. दोन्ही एकाच घडणीचे असल्याने ती जोडी फलकावर शोभून दिसते. कन्नड मजकूर छापण्याआधी ती भाषा जाणणाऱ्या शेजाऱ्याला अवश्य दाखवावा. आपल्या रफाराची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढीच त्यांच्या ओत्तक्षरांची घ्यावी.

छपाईला देताना

काही वर्षांपूर्वी मी एका पत्रिकेचा मजकूर बदलता येईल अशा स्वरूपातच छपाईला दिला होता. छापणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. दुसरा फॉन्ट आपोआप बसला, जोडाक्षरे सुटली आणि पाचशे प्रतींवर पाहुण्यांचे नाव मोडक्या अक्षरांत उमटले. तेव्हापासून मी दोन फायली ठेवतो. पहिली गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल असते. ती कंट्रोल आणि 'एस' यांनी जतन होते, तिच्यात सर्व थर शाबूत राहतात आणि ती माझ्याकडेच राहते. दुसरी फाइल शिफ्ट, कंट्रोल आणि 'ई' यांनी काढलेली पीएनजी असते. तिच्यात अक्षरे चित्ररूप झालेली असल्याने कोणाच्याही संगणकावर मोडत नाहीत. दुकानातील जुन्या फोटोशॉपमध्ये मजकूर पुन्हा टाइप करण्याची वेळ आलीच, तर तेथील टाइपच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू आहे का, हे आधी विचारावे. ती बंद असल्यास वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला पडते.

पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे रंग शाईत मंद उतरतात, तेव्हा मोठ्या छपाईआधी एक प्रत काढून पाहावी. कागद कापला जाणार असल्यास चारही कडांना ३ मिलिमीटर पार्श्वभूमी जास्त ठेवावी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते आणि अक्षरांच्या कडा खरबरीत होतात, म्हणून छपाईची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. पाठवण्यापूर्वी चित्र पडद्यावर बोटभर उंचीचे करून सहा पावले मागे जाऊन वाचावे. एखादे अक्षर अडखळत असेल, तर सावली आणि छटा यांना हात लावण्याआधी कडा दोन पिक्सेलने कमी करून पाहावी.